तुझं बोलणं ऐकीव ठरतंय, विशाखा

विशाखा,

परवा तुझ्या शोकसभेत तुला 'सर्वज्ञ' म्हणाले.

म्हणणारे आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाचे माजी प्राचार्य. विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून तत्त्वज्ञान हा विषय बंद करावा, या ठरावावर पहिली सही ज्यांची होती, तेच. त्यांनी गळा भरून आणला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ज्ञानाचा महासागर आटला." मी दुसऱ्या रांगेत होते. तीस वर्षं आपण एकाच इमारतीत काढली, तू वर्गात आणि मी ग्रंथालयात, त्यामुळे तू या वाक्यावर काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. आपल्याला किती थोडं माहीत असतं आणि जे असतं ते कशाच्या जोरावर, एवढं एकच सांगण्यात तू घसा कोरडा केलास. मेल्याच्या आठव्या दिवशी तुझा महासागर झाला.

फलकावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापून आलं होतं. विहारातल्या मंडळींनी हरकत घेतली, आपल्यात आदरांजली म्हणतात म्हणून. मग 'श्रद्धां'वर पांढरा कागद चिकटवून स्केचपेननं 'आदरां' लिहिलं. पंख्याच्या वाऱ्यानं कागदाचा कोपरा उचलला की खालची श्रद्धा दिसायची. सगळ्या सभेत बघण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती, आणि ती दाखवायला शेजारच्या खुर्चीत तू नव्हतीस.

मला बोलायला बोलावलं. मी उठले नाही. बोलले असते तर तुझ्याबद्दल चांगलं बोलता आलं नसतं, कारण मी तुझ्यावर चिडलेली आहे. त्या डॉक्टरवर आहे, प्राचार्यांवर आहे, पण तुझ्यावरही आहे. माझ्यावर किती, ते पुढं येईलच.

विषय बंद झाला तेव्हा तुला पर्यावरणाचे तास दिले. तू ते मुकाट्यानं घेतलेस आणि निर्लेखनात भंगार म्हणून निघालेला एक फळा मागून घेतलास. ऑटोवर आडवा बांधून तो फळा आपण तुझ्या गावच्या विहारात नेला, आठवतं? रस्ताभर लोक विचारत होते, "कोनाची खाट नेऊन रायल्या बाई?" विहाराच्या दारावर तू खडूनं लिहिलंस: रविवारी वंदनेनंतर वर्ग, माहीत असणे म्हणजे काय. आणि पहिल्या रविवारी एकवीस माणसं आली! आपण दोघी थक्क. मग एकेकानं पिशवीतून कागद काढायला सुरुवात केली. कुणाचा घरकुलाचा, कुणाचा रस्त्याचा. गावानं 'माहीत'चं 'माहिती' वाचलं होतं. सगळे माहिती अधिकाराचा अर्ज कसा भरायचा ते शिकायला आले होते.

दुसरं कुणी असतं तर ओशाळलं असतं. तू सगळ्यांचे अर्ज भरून दिलेस, दोन तास, आणि मग म्हणालीस, "आता माझा एक अर्ज. सरकारजवळ माहिती आहे, ती तुम्ही मागितली. तुमच्याजवळ काय आहे, ते मला मागायचं आहे." पुढच्या रविवारी सहाजण उरले. त्या सहांत सोमाजीभाऊ होते, दुसऱ्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, बटईनं, अर्ध्या वाट्यानं करणारे, आणि गावात आशाताई म्हणून आरोग्याचं काम करणारी रंजना होती. आणि मागच्या भिंतीला टेकून मी. मी शिकायला येत नव्हते, खोड काढायला येत होते, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पहिला तास तू शब्दांवर घेतलास. "सोमाजीभाऊ, तुम्हाला धानाची रोपं रोवणं माहीत आहे?"

सोमाजीभाऊंनी बराच विचार केला. "मले रोवनं येते बाई. माईत हाये का, ते नाई माईत."

सगळे हसले. तू हसली नाहीस. फळ्यावर 'येणे' आणि 'माहीत असणे' असे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिलेस आणि म्हणालीस की मोठमोठ्या विद्यापीठांत लोक अजून यावर भांडताहेत, हाताला येतं ते डोक्यात माहीत असतं का, की ती दुसरीच जात आहे. सोमाजीभाऊ म्हणाले, "त्याइले म्हना, एक दिवस चिखलात या." माझ्या ग्रंथालयातल्या अर्ध्या कपाटाला ते उत्तर होतं.

मग चूल आली. माहीत असण्याच्या चुलीला तीन दगड लागतात, तू म्हणालीस. एक, ते तुला मनापासून वाटलं पाहिजे. दोन, ते खरं असलं पाहिजे. तीन, तसं वाटायला कारण पाहिजे. नुसतं वाटणं म्हणजे अंदाज. खरं निघालं तरी कारण नसेल तर तो मटका. तीन दगड जुळले की म्हणायचं, मला माहीत आहे. रंजनानं वहीत चूल काढली. सगळे खूश होऊन घरी गेले, आणि पुढच्या रविवारी तू ती चूल लाथेनं उधळलीस.

तुझा दाखला इटियाडोह धरणाच्या पाण्याचा होता. परे, म्हणजे धानाची रोपं, तयार आहेत, रोवण्यासाठी माणूस नहराच्या पाण्याची वाट पाहतोय. सकाळी उठून बांधीवर जातो तर नालीत पाणी वाहतंय. तो घरी येऊन सांगतो, धरणाचं पाणी सुटलं. त्याला तसं वाटतं. कारणही आहे, डोळ्यांनी पाणी पाहिलंय. आणि धरणाचं पाणी खरंच त्या सकाळी सुटलेलं आहे. पण ते अजून वाटेत आहे, त्याच्या नालीत पोचायला दुपार होईल. नालीतलं पाणी वरच्या शेतातल्या मोटारपंपाचा पाइप फुटला त्याचं. "तिन्ही दगड जागेवर आहेत," तू म्हणालीस. "आता सांगा, पाणी सुटलं हे त्याला माहीत होतं का?"

"मंग का झालं?" सोमाजीभाऊ म्हणाले. "सुटलं तं होतंच ना."

"त्याले कायवरून?" रंजना.

"नालीवरून."

"नालीतलं पानी तं पाइपाचं व्हय. आज जमलं, भाऊ. उद्या पाइप फुटन अन् धरन बंद असन, तं त्याच नालीवर भरवसा ठेवून रोवनं लावसान, अन् परे वाळतीन."

तू खडू ठेवून दिलास. साठेक वर्षांपूर्वी कुणीतरी दोन-तीन पानांचा लेख लिहून हीच चूल उधळली होती, आणि तेव्हापासून चौथा दगड कोणता, याचा शोध चाललाय, असं तू सांगितलंस. योगायोगानं खरं निघालेलं माहीत असणं नसतं; कारण आणि खरेपणा यांची गाठ बसलेली पाहिजे. ती गाठ कशी बांधायची, यावर पुस्तकांची कपाटं भरलीत. रंजना दहावी नापास आहे. तिनं ती गाठ 'उद्या' या एका शब्दानं दाखवली. त्या दिवसापासून गाव तुझ्या वर्गाला 'कायवरूनचा वर्ग' म्हणायला लागलं. चिडवायला म्हणत, पण म्हणत.

हे सगळं मी आत्ता का उगाळतेय? सभेत यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही म्हणून. तुझ्या साधेपणाबद्दल बोलले, सुती साड्यांबद्दल बोलले. तू काय शिकवत होतीस ते एकालाही सांगता आलं नाही. सोमाजीभाऊ शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नाही.

आपलं भांडण लागलं ते त्या पाण्याच्या तासानंतरच्या महिन्यात, ऐकीववरून.

तू सगळ्यांना जन्मतारीख विचारलीस. सहापैकी चौघांची एक जुलै. मास्तरानं शाळेत नाव घालताना जी टाकली ती. "आणि उरलेल्या दोघांना आपली खरी तारीख माहीत आहे, ती कायवरून? जन्मले तेव्हा हजर होते, पण पाहिलंय कुणी? आईनं सांगितलं म्हणून." मग तू यादीच काढलीस. पृथ्वी गोल आहे, रक्तात साखर असते, दिल्ली नावाचं गाव आहे. यातलं स्वतः तपासलेलं किती? "आपल्या डोक्यातलं धान्य बहुतेक दुसऱ्याच्या बांधीतलं असतं. ऐकीव या शब्दाला उगाच बट्टा लावलाय आपण."

मी भिंत सोडली. "ऐकीव म्हणजे ज्ञान नाही, विशाखा. फार तर उसनवारी. सांगणारा खात्रीचा आहे का, हे आधी तपासायचं. ते तपासल्यावर जे उरतं ते ज्ञान. आणि हे तुझ्या विहारात उभं राहून सांगते, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असं खुद्द बुद्धानं सांगितलंय."

"हो?" तू म्हणालीस. "तुला कुणी सांगितलं?"

विहार हसून हसून लोळला. सोमाजीभाऊंनी मांडीवर थाप मारली. "पकडली बाईनं बाईले!" मग तू हळूच म्हणालीस की आत्ता वंदनेनंतर आपण जे सुत्त म्हटलं, त्याची सुरुवातच 'मी असं ऐकलंय' अशी होते. सांगणारा आधी सांगतो की हे ऐकीव आहे, आणि मग आपण हात जोडून ऐकतो.

त्या दिवशी मी हरले नाही, गप्प बसले. फरक तुलाही माहीत होता. पुढं किती वर्षं चाललं ते. बाजारात भाजी घेताना, आपल्या इकडच्या प्रतापगडाच्या पायऱ्यांवर धापा टाकताना, तुझ्या अंगणात. माझं म्हणणं, शब्द हा पुरावा नव्हे, शब्दाला पुरावा लागतो. तुझं म्हणणं, माणूस बोलला की आधी विश्वास द्यायचा, आणि संशयाला कारण सापडलं तर काढून घ्यायचा. उलटं केलं तर मूल भाषासुद्धा शिकणार नाही. मी म्हणायचे, अशानं भोंदूंचं फावतं. तू म्हणायचीस, भोंदूंचं तर तुझ्या पद्धतीनंही फावतंय, कारण आधी तपासून घेणारे तपासतात काय? बोलणाऱ्याचे कपडे.

आणि मग तू रंजनाला उभं केलंस.

रंजनानं आपल्या वस्तीतली एक गरोदर बाई दवाखान्यात नेली होती, पाय सुजलेले, डोळ्यांपुढं काजवे. तिनं वर सांगितलं, हे साधं नाही. ज्यांना सांगितलं ते म्हणाले, तू आपलं रजिस्टर भर. तासाभरानं शिकलेल्या नर्सबाई आल्या, त्याच दोन गोष्टी बोलल्या, आणि धावाधाव झाली. "तेच शब्द होते जी," रंजना म्हणाली. "माह्या तोंडातून निंगाले तं चिल्लर, त्याइच्या तोंडातून निंगाले तं नोट." ती बाई वाचली. पण रंजना अजून त्यावर बोलताना कुणाकडं न बघता बोलते.

तू सांगितलंस की याला आता ज्ञानाच्या अभ्यासात नाव आहे, हा माहीत असणारी म्हणून झालेला अन्याय. पगार कापला तर कामगारावर अन्याय, तसा शब्द कापला तर जाणत्यावर. त्यात नुकसान त्या बाईचंही होतं आणि ऐकणाऱ्याचंही, कारण समोर ठेवलेलं ज्ञान तो उचलत नाही. मी मागून म्हणाले, "हे समाजशास्त्र झालं, ज्ञानमीमांसा नव्हे." असं वाक्य मी खरंच बोलले, विशाखा. रंजनासमोर. तू मला उत्तर दिलं नाहीस, फक्त बघितलंस. आता वाटतं, बघण्याऐवजी तू मला चार शब्द सुनवायला हवे होतेस. तुझ्या सभ्यपणाचा मला फार राग येतो.

आता त्या मंगळवारचं.

सकाळपासून तुझ्या पाठीत दुखत होतं. घाम येत होता. धाकट्या भावानं, धम्मपालनं, तुला शहरात नेलं. दवाखान्याचं नाव इथं लिहीत नाही, जिथं लिहायचं तिथं लिहिलंय. डॉक्टरनं धम्मपालला विचारलं, "कब से है इनको?" तू समोर बसली होतीस, तत्त्वज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतलेली, तीस वर्षं शिकवत आलेली, तोंड असलेली बाई. मग त्यानं धम्मपालला औषध आणायला बाहेर पाठवलं. तेवढ्या वेळात जे बोलणं झालं ते मला तुझ्या फोनवरून माहीत आहे. येताना बस कोहमाऱ्याला थांबली, धम्मपाल ढाब्यावर चहा आणायला उतरला आणि तू बसमधूनच फोन केलास.

"कुंदे, डॉक्टर म्हणतो गॅस."

"मग?"

"मी म्हटलं, गॅसचं दुखणं माझ्या ओळखीचं आहे, हे ते नाही. हे पाठीतून जबड्यात येतंय. तर म्हणतो, मॅडम, आपको कैसे मालूम?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? प्रश्न बरोबर होता." आणि तू हसलीस. धाप लागलेलं हसू होतं ते, मी ऐकलं.

प्रश्न बरोबर होता! याचाच मला संताप येतो. तुझा हिशेब मला कळतो. दुखतंय, हे ज्याचं त्याला माहीत; त्याला दुसरा साक्षीदार लागत नाही. पण का दुखतंय, हे आतून दिसत नाही. तिथं डॉक्टरचा शब्द मोठा. हे तूच फळ्यावर दोन रकाने करून शिकवलंस, आणि त्या खुर्चीत बसून तू स्वतःलाच दुसऱ्या रकान्यात टाकलंस. पण तो प्रश्न नव्हता गं. प्रश्न विचारणारा उत्तरासाठी थांबतो. त्याची मान खाली होती, तो कागद लिहीत होता, हेही तूच फोनवर सांगितलंस. त्यानं दार लावलं, आणि तुला वाटलं कुणी दार ठोठावतंय. सगळ्या गावाला 'कायवरून' विचारायला शिकवलंस, मग त्याला एकदा का नाही विचारलंस, डॉक्टरसाहेब, गॅस कायवरून? हृदयाची ईसीजीची पट्टी काढायला किती वेळ लागतो?

चिडून हे सगळं लिहिणं सोपं आहे. खालचं लिहायला मला तीन दिवस लागले.

फोनवर मी तुला म्हणाले, "तो शिकलेला आहे, त्याला काही आधार असेल. तुझ्याकडं काय आहे, नुसतं वाटणं. गॅसच असेल. घरी जा, ओव्याचं पाणी पी, पडून राहा."

"बरं," तू म्हणालीस.

दिवस मावळायच्या आत तू गेलीस.

धम्मपालनं तक्रार केली. दवाखान्याच्या कागदावर 'आम्लपित्त, अन्य तक्रार नाही' असं लिहिलंय. अन्य तक्रार नाही! तू केलेली तक्रार त्या खोलीत दोघांनीच ऐकली, त्यातलं एक माणूस जिवंत नाही आणि दुसरं सांगणार नाही. उरले मी. चौकशीच्या कार्यालयातले साहेब सभ्य होते, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मॅडम, हे ऐकीव झालं."

माझा शब्द. माझ्याच तोंडचा, इतकी वर्षं घासून पुसून ठेवलेला. मी त्यांच्याशी भांडले. म्हणाले, मी तिला तीस वर्षं ओळखते, ती दुखणं वाढवून सांगणारी नव्हती, तिचा शब्द हाच पुरावा आहे. तुझीच वाक्यं होती ती, माझ्या आवाजात. साहेबांनी शांतपणे सांगितलं, "लेखी द्या. पण पूर्ण द्या. त्या काय बोलल्या अन् तुमी काय बोलल्या, दोन्ही. अर्ध्या बोलन्याले कोनी धरत नाही."

पहिल्या मसुद्यात मी तुझं सगळं लिहिलं. माझं वाक्य लिहिलं नाही. 'त्यानंतर आमचे संभाषण संपले', असं लिहिलं. भाषा मला येते, विशाखा, हेच वाईट आहे. दुसऱ्या मसुद्यात 'मी त्यांना विश्रांतीचा सल्ला दिला' असं होतं. तो कागद मी चार वेळा वाचला आणि चारही वेळा तो खरा वाटला.

तिसरा कागद घेऊन मी दुपारी धम्मपालकडं गेले. त्याला आधी सांगावं, मग द्यावा. तो अंगणात कांबीच्या खाटेवर बसला होता. मी वाचून दाखवलं, माझ्या वाक्यासकट. तो म्हणाला, "मले माईत हाये, ताई."

"काय माहीत आहे?"

"तुमी का म्हनल्या ते. मी चहा घेऊन आलो तं आमच्या ताईनं सांगतलं. त्याच्या आंधी म्हनत होती, आपन इथूनच वापस फिरू, दुसऱ्या डॉक्टरले दाखवू. तो कैसे मालूम म्हनते, मले पटून नाई रायलं, असं म्हनली. बस उभीच होती. मंग म्हनली, कुंदाबी गॅसच म्हनते. मी म्हनलं, मंग तं पक्कं झालं. दोन-दोन शिकलेले मानसं एकच सांगून रायले."

मला आधी कळलंच नाही तो काय सांगतोय. मग कळलं. तुला पटलं नव्हतं. तू त्या डॉक्टरला शरण गेली नव्हतीस. कोहमाऱ्याच्या चौकात तू परत फिरायला निघाली होतीस, आणि मला फोन केलास तो दुसरं मत म्हणून. मी त्याच्या शब्दाला माझा शब्द जोडला. न बघता, न विचारता, त्यानं मान खाली घालून केलं तेच मी फोन कानाला लावून केलं. त्याच्याकडं निदान डिग्री होती. आणि इतके दिवस मी तुझ्यावर चिडत होते, तू त्याला काही बोलली नाहीस म्हणून.

"तू मले आतापर्यंत काऊन नाई बोलला?" मी धम्मपालला त्याच्याच बोलीत विचारलं, मला माझी सापडेना.

"का बोलू? मीबी तं पक्कं म्हनलो. मी तिच्या बाजूले बसलो होतो, तुमी तं फोनवर होत्या." त्यानं गमछा तोंडावर धरला. मग म्हणाला, "कैसे मालूम म्हनला हे तिनं मलेबी सांगतलं होतं. ते मी लिहून देऊ का? मलेबी माहं लिहा लागन."

"लागेल."

"लिहू."

आत जाऊन त्यानं वही आणली. त्याचं अक्षर मोठं आहे, ओळी खाली उतरत जातात. एका शब्दावर तो अडला आणि मला विचारलं, 'पक्कं' लिहू की 'खात्री झाली' लिहू? मी म्हटलं, पक्कं लिही. म्हणालास तेच लिही.

काल आम्ही दोघांनी कागद दिले. साहेबांनी माझा वाचला, धम्मपालचा वाचला, पुन्हा माझा वाचला. "मॅडम, हे तं तुमच्याच विरुद्ध जाते."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "तिनं सांगितलं होतं, हे त्यात आहे ना?"

"आहे. दोन्हीत आहे."

पुढं काय होईल, मला माहीत नाही. अंदाज आहे, आणि तो चांगला नाही. त्या डॉक्टरचं काही वाकडं होणार नाही असं शहाणी माणसं सांगतात. 'अन्य तक्रार नाही' या ओळीच्या खाली आता दोन माणसांची वेगळी ओळ आहे, यापुढं त्या फाइलीत तू न बोललेली बाई नाहीस, एवढंच झालंय. यात मला समाधान वाटावं असं रंजनाला वाटतं. मला वाटत नाही. परत फिरायला हवी होती ती दुपारची बस, कागदावरची ओळ नव्हे.

निघताना साहेबांनी फॉर्म पुढं केला. सहीच्या वर एक रकाना होता, मयताशी नातं. धम्मपालनं 'भाऊ' लिहिलं. मी 'मैत्रीण' सांगितलं. साहेब म्हणाले, "मैत्रीण हे नातं नाही बसत, मॅडम. 'ओळखीची' लिहितो."

"मैत्रीण लिहा."

"रकान्यात नातेवाईक, शेजारी, ओळखीचे एवढेच आहेत."

"मग रकान्याच्या बाहेर लिहा," मी म्हटलं, आवाज चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघू लागला.

साहेबांनी पेन उचललं, फॉर्म थोडा तिरपा केला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं. मी तुझी मैत्रीण होते, याचा पुरावा त्यांनी मागितला नाही. मागितला असता, तर आत्ताच दिलेल्या त्या कागदात तो होता का, मला माहीत नाही.